बेटावर पाऊल नको

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा मी दवाखान्याच्याच वाटेवर होते. त्याचा डबा मांडीवर… तो कोमट डबा घेऊन मी किती वेळ बसून राहिले, आठवत नाही. दहाव्याला त्याचे विद्यार्थी आले आणि म्हणाले, "सरांच्या बेटावर त्यांच्या नावानं झाडं लावणार." तेव्हापासून मी ते थांबवायला बघतेय.

मुळशीच्या पाण्यातलं ते बेट म्हणजे बुडालेल्या एका वाडीची टेकडी. धरण झालं, माणसं उठून माले गावाकडं सरकली, माथा तेवढा वर राहिला. दादा वनस्पतीशास्त्र शिकवायचा, पण बेटावर तो झाडांवरून माणसं ओळखायचा. निवडुंगाची रांग दिसली की, "हे कुणाचं तरी कुंपण." आंब्याखाली हळद दिसली की, "इथं परसू होतं बघ." त्यापलीकडं हिरडा, अंजनी, कारवी, कुणीही न लावलेली. मला कंटाळा यायचा, मी एका जागी उभी राहायचे आणि तो मला 'बुजगावणं' म्हणायचा.

एका वर्षी उतरायच्या जागेवर रानमोडी दिसली. नावातच सगळं आलं. उग्र वासामुळं गुरं तिला तोंड लावत नाहीत, तिच्याखाली दुसरं काही तगत नाही. मी म्हटलं, "वाऱ्यानं आली असेल." दादा आपल्या पँटच्या दुमडीत अडकलेलं बी काढून बघत होता.

"वारा नेमका मी उतरतो तिथंच उतरतो का गं?"

आई गेली तेव्हाही त्याचा चेहरा इतका पडला नव्हता. होती तेवढी त्यानं मुळासकट उपटली आणि पुन्हा कधी बेटावर गेला नाही. काठावर दुर्बीण घेऊन बसायचा. नावाडी बबनराव चिडवायचे, "मास्तर, बायकू रुसल्यागत लांबनं काय बगताय? चला की, सोडतो."

हे सगळं मी मुलांना सांगितलं. "ताई, आम्ही काळजी घेऊ," म्हणाली. गुणी पोरं आहेत, दादावर जीव आहे त्यांचा, म्हणून तर राग काढायलाही कुणी नाही. शेवटी बबनरावांना गाठलं.

"म्या न्हाई नेत, बाई. पर पोरांनी रिसॉर्टची मोटारबोट ठरवलीया."

नर्सरीतून आलेली रोपं दादाच्याच अंगणात, भुकूमला ठेवली आहेत. तो घालायचा तसं वहिनी रोज त्यांना पाणी घालते. काल म्हणाली, "हे एक बघ, किती जोमानं वाढलंय." मी वाकून पान चुरडलं. तोच उग्र वास… जांभळाच्या रोपाशेजारी, त्याच पिशवीत, रानमोडी.

"एवढं एक उपटलं की झालं ना?" वहिनीनं विचारलं.

सगळ्या पिशव्यांत माती एकाच ढिगातली आहे. हे मी ज्या पुरवणीसाठी लिहितेय, ती तुमच्या हातात रविवारी सकाळी पडते. बोटही रविवारी सकाळीच सुटणार आहे.