करंड्यातली दाढ

तोंड उघडायला सांगण्याआधी डॉक्टर पेशंटच्या गालावर बाहेरूनच दोन बोटं टेकवायचे आणि विचारायचे, “घाई नाही ना?” विश्रांतवाडीतल्या त्यांच्या दवाखान्यात आमच्यासारखे कंपनीच्या बसची वेळ सांभाळणारे सॉफ्टवेअरवालेही निमूट जुनी मासिकं चाळत बसायचे. असा एखादा डॉक्टर तुमच्याही ओळखीचा असेल. दात काढा म्हटलं, की आपण राहतं घर विकायला काढलंय अशा नजरेनं ते बघायचे.

माझी लेक नऊ वर्षांची असताना सायकलवरून पडली आणि तिचा वरचा पुढचा दात गेला. पक्का दात, परत न येणारा. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सध्या खोटा दात बसवायला आणि हिरडीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी मान हलवली. दुधाच्या दाढेच्या गरात मूळपेशी असतात, म्हणाले. त्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवायच्या. पुढं त्यांतूनच हिरडी भरेल, दातही उगवेल. लेक आ वासून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं अख्ख्या वर्गाला सांगितलं.

दाढ हलायला लागली की लगेच घेऊन या, मीच काढतो, असं त्यांनी बजावलं होतं. ती पडली घरीच, पेरू खाताना, अमावास्येच्या आदल्या दिवशी. माझ्या आईनं ती कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवली आणि अमावास्या टळल्यावर न्या म्हणाली. आम्हीही ऐकलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी करंडा उघडला, बराच वेळ पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

“पाठवतो,” म्हणाले.

पुढं दर खेपेला गालावर दोन बोटं आणि ठरलेलं वाक्य: “तुझी दाढ सुखरूप आहे. दात उगवायचं तंत्र येतंय, वाटेत आहे.” त्या भरवशावर आम्ही दुसरं काहीच केलं नाही. लेक हसताना तोंडावर हात धरायला शिकली.

ती कॉलेजात गेल्यावर नव्या डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं कशाची वाट पाहिलीत? दाताच्या जागचं हाड पार झिजलं होतं. मी तडक विश्रांतवाडीला गेलो आणि प्रयोगशाळेचा कागद मागितला. डॉक्टरांनी खण उघडून एक पाकीट पुढं सरकवलं. वर त्यांच्या सुबक अक्षरात लेकीचं नाव होतं. आत दाढ.

“तुम्ही आणलीत तेव्हाच मेलेली होती,” ते म्हणाले. “जिवंत लागते.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“ती माझ्याकडे बघत होती हो.”

मला त्यांचा इतका राग आला, की पाकीट उचलून मी निघालो. लबाड माणसानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. यांच्यावर मी विश्वास टाकला होता. मी त्यांना माफ केलेलं नाही. आमच्या अमावास्येलाही नाही.

लेकीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बाबा, मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं.”

काही महिन्यांनी दवाखान्याचं शटर खाली आलं, ते पुन्हा उघडलं नाही. डॉक्टर कुठं गेले, मी विचारलंही नाही.

परवा पेपरात मूळपेशींपासून दात उगवण्याच्या प्रयोगाची बातमी होती. लेकीनं ती मोठ्यानं वाचली. “येतंय, वाटेत आहे,” असं अगदी डॉक्टरांच्या सुरात म्हणाली आणि हसली. तोंडावर हात धरून.