बाबांनी माझ्यासाठी मागितलेली झोप

मी या ग्रुपवर बरेच दिवस नुसती वाचत होते. लिहायचं धाडस होत नव्हतं. आधीच सांगते — आम्ही ख्रिस्ती आहोत. भूत, करणी, लागीर असलं आमच्या घरात कुणी मानत नाही, आणि मी तर सायन्सची विद्यार्थिनी. रविवारी चर्चच्या मंडळीत कुणी उभं राहून साक्ष द्यायचं, की प्रार्थनेने माझं दुखणं गेलं, तेव्हासुद्धा मला मनात वाटायचं, गोळ्याही घेतल्याच असतील ना... आता तसं वाटत नाही. काय वाटतं तेही नीट सांगता येत नाही. पण हे मंडळीत बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

आम्ही बुलढाण्याजवळ धाड गावात राहतो. दोन खोल्या, वर टिनपत्रे. बाबा गवंडी आहेत. शाळेत कधी गेले नाहीत, सही तेवढी येते. आई घरीच शिवणकाम करते. मी रोज एसटीने बुलढाण्याला कॉलेजला जाते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

पहिल्या वर्षी माझे दोन विषय राहिले आणि त्यानंतर रात्रीचं ते सुरू झालं. डोळा लागतो न लागतो तोच छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे... आणि समोर नेहमी एकच हॉल. मी बाकावर बसलेली. पुढची फळी पोटाला इतकी टेकलेली की उठताच येत नाही. एक सर येतात, काही न बोलता माझं हॉल तिकीट उचलतात आणि स्वतःच्या खिशात घालतात. बस, एवढंच. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल म्हणून मी हे कधीच कुणाला सांगितलं नाही. आईला फक्त "टेन्शन येतं" म्हणायचे. काही महिन्यांनी मी घरी सांगून टाकलं की मी कॉलेज सोडते. माझ्याच्याने होत नाही.

त्याच रात्री बाबा माझ्या अंथरुणाशी येऊन बसले. सिमेंटने खरखरीत झालेला त्यांचा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. आमच्याकडे घरात प्रार्थना मोठ्याने करतात, तशीच त्यांनी केली. शब्द मात्र त्या दिवशी वेगळे होते.

"देवबापा, हे लेकरू झोपून नाही राह्यलं. हिच्या मनावर जे काही आहे ते काढ आन् माह्यावर टाक. मले कोणता पेपर द्या लागते? मी निभावून घेतो. येशूच्या नावानं मागतो, आमेन."

आई म्हणाली, "असं मांगतेत का हो? सरळ बरं कर म्हना!"

"तो सम्दं समजून घेते. तू झोप."

मी झोपले. खरंच झोपले — सकाळी आईने हलवून उठवलं तेव्हा माझी एसटी निघून गेली होती.

त्यानंतर तो हॉल मला कधीच दिसला नाही. राहिलेले विषय निघाले. पास्टर म्हणाले, साक्ष दे, इतरांना बळ मिळेल. मी मंडळीत उभी राहिले आणि बोलले. सगळे "हालेलूया" म्हणाले. बाबा मागे चटईवर बसले होते आणि बसल्या बसल्या घोरत होते. लोक हसले. घरी येताना आई म्हणाली, "पोरगी साक्ष देते आन् बाप घोरते! रातभर वाचमनगिरी करता का कुठी?" बाबा नुसते हसले.

पुढे एका रात्री लाईट गेली, उकाड्याने मी उठले. बाबा अंधारात भिंतीला टेकून बसलेले. बनियन घामाने चिंब.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. पानी पे आन् झोप."

"सांगा न."

त्यांनी बनियनने तोंड पुसलं. मग म्हणाले, "मोठी खोली दिसते. लय बाकं. मी बसेल आहो, पन पुढची फळी पोटाले अशी लागून राह्यली का उठताच येत नाही. कोन्या आडान्यानं ठोकलं ते बाक, जागाच नाही सोडली... मंग एक साहेब येते, माह्या पुढचा कागद उचलते आन् खिशात टाकते."

मी विचारलं, "कसला कागद?"

"मले का वाचता येते? फोटो होता त्याच्यावर."

"तुमचा?"

"नाही बेटा. तुहा."

कधीपासून, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

आम्ही बाबांना डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, मुलगी झोपेत बोलत असेल, तुम्ही ऐकलं असेल, मनाला लावून घेतलं. मलाही हे पटवून घ्यायचं आहे. पण आई म्हणाली, "ही तवा झोपतच नव्हती, तर झोपेत बोलीन कशी?" डॉक्टरांच्या गोळ्यांनी एवढंच झालं की बाबा दिवसाही पेंगायला लागले. उन्हाळ्यात ते बांधकामाच्या परांचीवरून पडले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून मनगटावरच निभावलं. आता ठेकेदार त्यांना वर चढू देत नाही. ज्या हातांनी इमारती उभ्या केल्या त्या हातांनी ते खाली बसून वाळू चाळतात.

पास्टर घरी आले. म्हणाले, "भाऊ, असं ओझं आपण मागून घ्यायचं नसतं. त्यासाठी प्रभू आहे."

"आता मांगून झालं न साहेब," बाबा म्हणाले.

पास्टरांनी खूप वेळ प्रार्थना केली. निघताना गाडीला किक मारता मारता थांबून मला हळूच म्हणाले, "मला माहीत नाही हे काय आहे. खोटं कशाला बोलू?"

मी बाबांना म्हटलं, मी ते परत मागते. माझं होतं, मला द्या. बाबा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. "खबरदार! तू शिकून राह्यली न? मंग शिक. मले काय, विटा दिसल्या म्हंजे झालं."

"परत पडाल तुम्ही."

"म्हनून तर खालीच बसतो आता. तू पास होय."

कुणाला असा अनुभव आला असेल तर सांगा... पण उपाय म्हणून काही मिळेल, अशी आशा मी आता धरत नाही.

बाबांचं न ऐकता मी रोज रात्री गुडघे टेकते. जे माझं होतं ते मला परत दे, असं मनातल्या मनात म्हणायला लागते. पण आजवर एकदाही आमेनपर्यंत पोचले नाही. चार वाक्यं होतात आणि मला तिथेच झोप लागते, गाढ. सकाळी गुडघ्यांवर चटईचे वळ असतात आणि अंगावर गोधडी. ती बाबा घालतात. ते जागेच असतात.