पायाळूची चप्पल

मी पायाळू आहे. जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले, डोकं मागून आलं. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की कंबरेत भरलेली उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळे कळायला लागल्यापासून मी लोकांच्या पाठीला पाय लावत आले. पायाळूवर वीज पडते म्हणून आई मला पावसात ओसरीबाहेर जाऊ द्यायची नाही, आणि पायाळूला गुप्तधन दिसतं म्हणून चुलते मला शेतातून फिरवून आणायचे. धन कधी दिसलं नाही, वीजही पडली नाही, लोकांची उसण मात्र जायची. लोह्याजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले, तर माझी कीर्ती माझ्या आधी पोचलेली. सकाळी दारात कुणीतरी कंबर धरून उभं असायचंच. मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणून मी आधी हात जोडायची, खंडोबाचं नाव घ्यायची आणि मग उजवा पाय त्याच्या पाठीला टेकवायची.

पण मला एक कोडं कायम पडलेलं असायचं. गुण येतो तो कुणाचा, पायाचा की देवाचा? आमच्या मालकांना विचारलं तर ते म्हणायचे, "गुण आला नव्हं? मग चौकशी कशाला करायलीस?" आता काय सांगायचं, चौकशी हा माझा जन्माचाच रोग आहे.

मग एका वर्षी माझीच पाठ धरली. कंबरेतून निघालेली कळ उजव्या पायात अशी उतरायची की डोळ्यांत पाणी यायचं. सगळ्या गावाच्या पाठीला पाय लावणारी मी, पण स्वतःच्या पाठीला पाय लावणार कसा? नांदेडला दाखवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, नस दबलेली दिसते, लातूरला मणक्याचे तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडं जा आणि उशीर करू नका. घरी आल्यावर मात्र ज्यानं त्यानं घाबरवलं. मणक्याला सुरी लागली की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो म्हणे. मीही घाबरले, आणि लातूर पुढं ढकलत राहिले.

अशात एके दिवशी पायातली कळ आपोआप कमी झाली. आधी मुंग्या आल्या, मग त्याही थांबल्या. आम्हाला वाटलं, देव पावला. आता पाठीचा ताठरपणा तेवढा राहिला होता. मालक म्हणाले, "चाकूरकडं एक पायाळू गडी हाय, लई गुणाचा. त्याची एक लाथ बसली की मोकळी होशील." मला हसू आलं, आणि खरं सांगते, उत्सुकताही वाटली. आजवर मी पाय लावत आले होते, लावून घेताना कसं वाटतं ते एकदा कळणार होतं. तरी मनात खुटखुट होतीच. आदल्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना मी म्हटलं, "मल्हारी, बरं करायचं तेव्हा कर, पण खरं काय आहे ते मला आधी दाखव." असं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

दिराची गाडी घेऊन निघालो. वाटेत माळेगाव लागतं. खंडोबाला हात जोडल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही आमची रीत. दर्शन झालं, कपाळाला भंडारा लावला, बाहेर येऊन चपलांत पाय सरकवले आणि गाडीकडं चालायला लागले. ऊन चांगलंच चढलं होतं. फरशी इतकी तापली होती की दर्शनाला आलेले लोक उड्या मारतच देवळाच्या सावलीत पळत होते. मागून एक बाई हाका मारत आली. माझ्याच वयाची, अंगावर हिरवं लुगडं, आणि हातात माझी उजवी चप्पल.

"ओ ताई, तुमची चप्पल तिथंच राहिली की! एवढ्या चटक्यात तुमाला कळलं कसं न्हाई?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय उघडा होता, भंडाऱ्यानं पिवळा झालेला. त्या तापल्या फरशीवरून मी तसाच पाय टाकत आले होते आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आंगठा वर उचला बरं." मी उचलायला गेले. डावा उठला. उजवा हलला नाही.

तिनं देवळाच्या पायरीकडं बोट केलं. तिथून तिचा नवरा येत होता. एक पाय गुडघ्यातून उंच उचलायचा आणि फटकन खाली टाकायचा. "आमच्या मालकाचं बी असंच झालतं. कळ गेली म्हणून आम्ही खूश झालो, पायाळूकडं हिंडत बसलो. आता डाक्टर म्हनतेत, लई उशीर केलात. ताई, तुमी आजच जावा."

मीच पायाळू आहे हे तिला कुठं ठाऊक होतं! मला तिला कितीतरी विचारायचं होतं, नाव, गाव, डॉक्टर काय काय म्हणाले. पण ती नवऱ्याचा हात धरून दर्शनाला वळलीसुद्धा.

गाडीत मी मालकांना तो न हलणारा अंगठा दाखवला, बाईचं बोलणं सांगितलं. चाकूर आलं. मालकांनी गाडी हळू केली, माझ्या पायाकडं बघितलं आणि गाडी सरळ लातूरच्या दिशेनं काढली.

लातूरच्या दवाखान्यात एमआरआयच्या मोठ्या मशीनमध्ये तपासणीला जाताना अंगावर धातू चालत नाही. नर्सनं साबण लावून माझी जोडवी काढली आणि सवाष्णीची बोटं मोकळी नकोत म्हणून मी दोन्ही पायांच्या बोटांना दोरा बांधून घेतला. डाव्या पायाला ओढ कळली, उजव्याचं जोडवं कधी निघालं ते दोरा बांधताना दिसलं. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली आहे. मी विचारलं, "मग कळ का थांबली?" ते म्हणाले, "नस थकली की ओरडायची थांबते. लोकांना वाटतं बरं झालं." मला पायाळूचंही विचारल्याशिवाय राहवेना. ते हसले. "साधी उसण बहुतेक वेळा आपली आपण जाते. तुमच्या पायानं जात असेल तर माझी तक्रार नाही. पण या पाठीला आज कुणी लाथ घातली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही." ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. पाय पुन्हा उचलेल का, याची खात्री मात्र त्यांनी दिली नाही.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर आडवी असताना माझे सगळे प्रश्न संपले होते. मी एवढंच म्हटलं, "देवा, हा पाय तुझाच. लोकांच्या पाठीला लागला तो तुझा म्हणूनच लागला. ठेवायचा असेल तर ठेव." आणि खरंच, भीती गेली.

अंगठा हलायला बरेच दिवस लागले. आधी थरथरला, मग थोडा उठला. आता दारात कुणी कंबर धरून आलं की मी पहिल्यांदा म्हणते, "आंगठा उचल बघू." नाही उचलला तर त्याला थेट लातूरचा रस्ता दाखवते. उचलला तर हात जोडते आणि पाय नुसता टेकवते. गुण कुणाचा हे मला अजून कळलेलं नाही, पण आता त्याची घाईही नाही.

परवा पुन्हा माळेगावला गेलो. ती हिरव्या लुगड्यातली बाई दिसते का म्हणून मी खूप शोधलं, दिसली नाही. ऊन तसंच होतं, फरशी तशीच तापलेली. मी मुद्दाम उजवी चप्पल काढली आणि पाय खाली टेकवला. असा चटका बसला की डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मालक ओरडले, "अगं, चप्पल घाल, पाय पोळंल!"

"पोळू द्या," मी म्हटलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.