रेडिएटरमधलं गोडं पाणी

समजा, तुम्हाला एक जुनी व्हॅन पारखायची आहे. मागे झोपायला दोन फळ्या, वातीचा स्टोव्ह, पाण्याचा पिंप. माणसं तिच्यात महिनोन्महिने राहणार. इंजिन रानात बंद पडलं, तर घरच बंद पडलं. तुम्ही आधी काय कराल? चावी फिरवाल. मलप्पा मिस्त्री चावीला हातच लावत नसत. ते सकाळी, इंजिन थंड असताना जात, रेडिएटरचं झाकण काढत, पाण्यात बोट बुडवत आणि चाखत.

लातूर नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि दुष्काळ पडला होता. विहिरी बघत गावोगाव फिरणाऱ्या सरकारी पथकाला मुक्कामाची गाडी हवी होती. सोमवारपर्यंत गाडी दाखवली, तर काम भीमा ड्रायव्हरला मिळणार होतं. डाळमिलवाल्या गुंडप्पांची दहा वर्षं जुनी व्हॅन विकायला होती. भीमा मिस्त्रींना घेऊन तिथं गेला.

मिस्त्रींनी चाखलं. पुन्हा चाखलं.

"शेटजी, पाणी गोडं हाय."

"मग? वाईट हाय का?"

"तुमच्या बोअरचं खारं. टँकर आठ दिवसाला. घरात मालकीणबाई, गंगम्मा अक्का, तांब्यानं मापून पाणी देतात, अन् गाडीला गोडं?"

गुंडप्पा हसले. "तुम्ही चाखता हे सगळ्या लातूरला ठाऊक. खारं भरलं असतं तर म्हणाला असता, जाळी क्षारानं बुजली. म्हणून पाहुणचार केला, मिस्त्री."

इंजिनातलं ऑइलही नवंकोरं होतं. मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. आत तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं गॅस्केट फुटलं की तेल पाण्यात उतरतं, तवंग दिसतो. इथं पाणी नवं, तेल नवं. साक्षीदार सगळे बदललेले.

गाडी चालू केली. झाकण उघडं ठेवून वीस मिनिटं मिस्त्री पाण्याकडं बघत उभे. फुटल्या गॅस्केटमधून हवा शिरली की पाण्यात बुडबुडे येतात; इथं एक बुडबुडा आला नाही.

"काका, घड्याळावाणी चालायलीय की!" भीमा म्हणाला.

"चाललीय खरी. शेटजी, जुनं पाणी कुठं गेलं?"

"त्या लिंबाला ओतलं. आता काय झाडाला विचारता?"

मिस्त्री खरंच लिंबाखाली गेले. माती कोरडी ठाक. पण मेच्या उन्हात ओतलेलं पाणी किती वेळ दिसणार?

"शिरूर अनंतपाळपर्यंत नेऊन आणू," ते म्हणाले.

"दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. घ्यायची तर आत्ता."

मिस्त्रींनी हात पुसले. "भीमा, घेऊ नको."

भीमानं घेतली नाही. काम दुसऱ्याला गेलं. तो दोन वर्षं परक्याचा टँकर हाकत राहिला आणि हॉटेलात मिस्त्री दिसले की ओरडायचा, "काका, चहा चाखून बघा. लई गोडा असला तर पिऊ नका!"

मिस्त्री हसत नसत. व्हॅन भोकरकडं विकली गेली, एवढंच कळलं. तिकडचा कुणीही भेटला की ते तिची चौकशी करत. ती बंद पडल्याचं कुणी सांगितलं नाही. चालते असंही नाही.

मी मिस्त्रींच्या शेजारचा. काही वर्षांनी मोटार इंजिनांचा डिप्लोमा करून आलो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मला जवळ बसवून म्हणाले, "गॅस्केट गेलेलं इंजिन वीस मिनिटं बुडबुड्याविना चालतं का रे?"

"फट बारीक असली, तर चालू शकतं," मी म्हणालो.

"ते मलाबी ठाऊक हाय. त्या दिवशी फेकलेल्या पाण्यावर तेल होतं का, ते सांग की."