साडेचौदा फेऱ्या

आमच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं मीच पसंत केली होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर लपवायला जागा उरणार नाही.

ट्रॅक्टर जुना, पण चारही चाकांनी ओढणारा. मावळात भाताच्या खाचरात चिखल करायचा तर मागच्या दोन चाकांवर भागत नाही, पुढच्यांनाही जोर लावावा लागतो. बेगडेवाडीच्या एका आबांकडून पाडव्याला तो घरी आणला. या आबांचं नाव मोठं. कुणी जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालं की आधी त्यांना सोबत नेऊन दाखवतं, आणि ते "घे" म्हणाले की घेतं. आमच्या घरी मात्र अंतिम शब्द माझा. नवलाख उंबऱ्याजवळच्या कारखान्यात मी अठरा वर्षं गिअर तपासते. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवते, आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

घरी आल्यावर एकच गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. पुढच्या टायरांची नक्षी पार झिजलेली. पूजेला झेंडूच्या माळा आणि खाली हे टकले टायर! मी तळेगावातून दुसरी जोडी आणली, रिमसकट, जवळजवळ कोरी. नवरा म्हणाला, "उंचीला जरा बारकी वाटत्यात गं." मी म्हणाले, "नट बसत्यात न्हवं? मग झालं." तो गप्प बसला. तो गप्प बसला की मला जिंकल्यासारखं वाटतं, ही माझी जुनी खोड.

उन्हाळाभर ट्रॉली ओढण्यापलीकडे काम नव्हतं, पुढच्या चाकांना जोर देणारा गिअर टाकायची वेळच आली नाही. आषाढात खाचरात उतरलो तेव्हा पहिल्यांदा टाकला. ट्रॅक्टर कुंथायला लागला. बाहेर रस्त्यावर आला तर धक्के मारत चालला, खालून कटकट आवाज, आणि तो गिअर काढायचा दांडा काही केल्या हलेना. मागं घेतल्यावर कुठे सुटला. मी तिथल्या तिथे निकाल दिला की पुढचा गिअर खाल्लेला आहे, आबांनी आपल्याला फसवलं.

दुसऱ्याच दिवशी वडगावात खताच्या दुकानापुढच्या रांगेत आबा दिसले. पंचवीस-तीस माणसं असतील. माझा तोल गेला.

"आबा, खराब गिअरचा ट्रॅक्टर गळ्यात मारला तुमी आमच्या!"

सगळी रांग वळून बघायला लागली. आबांनी आवाज चढवला नाही. "चार पावसाळं चिखलात घातलाय त्यो म्या," ते म्हणाले, "एकदाबी कुरकुरला न्हाई." आणि खत न घेताच रांगेतून निघून गेले. चार दिवसांत कानावर आलं की एकानं ट्रॅक्टर बघायला आबांना न्यायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

रविवारी सुट्टी होती. मी नवऱ्याला म्हणाले, आपण पुरावाच काढू. आधी पुढच्या गिअरचं तेल थोडं काढून त्यात लोहचुंबक फिरवलं. दात झिजले असते तर लोखंडाचा कीस चिकटला असता. चुंबक कोरं निघालं. मग पुढची बाजू जॅकवर उचलली. दांडा सोडला की पुढे जाणारा शाफ्ट हातानं सहज फिरत होता, दांडा टाकला की घट्ट. म्हणजे जोडणीही चोख. माझं तोंड जरा उतरलं. खोट सापडत नाही म्हणून वाईट वाटणारी तपासनीस मी पहिलीच असेन.

"फेऱ्या मोजून बगू," नवरा म्हणाला.

चाकांवर खडूनं खुणा केल्या. त्यानं मुरमाच्या वाटेवर ट्रॅक्टर सावकाश चालवला. मागचं चाक दहा वेळा फिरेपर्यंत पुढचं किती फिरतं, ते मी सोबत चालत मोजलं. दांडा सोडून पुढचं चाक पंधरा फेऱ्या आणि वर थोडं फिरलं. दांडा टाकून साडेचौदाच. तीनदा मोजलं. मग मी वाटेतच उभी राहिले. चाक लहान, म्हणून तेवढीच वाट कापायला त्याला जास्त फिरावं लागत होतं, आणि गिअर तेवढं फिरू देत नव्हता. ओढायचं सोडून पुढची चाकं ब्रेक लावत होती.

गोठ्यामागे टाकलेली आबांची टकली चाकं काढून चढवली आणि पुन्हा मोजलं. दांडा सोडून चौदा, दांडा टाकून साडेचौदा. आता गिअर त्यांना वाटेला लागतं त्याहून जरा जास्त फिरवत होता, म्हणजे पुढची चाकं ओढत होती. गिअर दोन्ही वेळा साडेचौदाच. त्यात कसलीही खोट नव्हती. खोट माझ्या पसंतीत होती. लाजेनं कान तापले, आणि काही न उघडता आपणच दोष शोधला याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम. संध्याकाळी खाचरात दांडा टाकला तर ट्रॅक्टर सरळ निघाला.

"फोन करून सांग आबांना," नवरा म्हणाला.

फोनवर कसं सांगणार? आरोप तर भर रांगेत केला होता. मी फोन केला, पण एवढंच विचारलं, "आबा, खत न्यायला कदी येणार?" ते म्हणाले, उद्या. मी कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अठरा वर्षांत हजार वेळा दुसऱ्याचा माल नापास केला होता, स्वतःचा कधी नाही. तरी गेले.

रांग तेवढीच होती. आबांनी मला पाहून मान वळवली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, तुमचा गिअर चांगला हाय. चाकं मी चुकीची बसवली. चूक माजी."

रांगेत कुजबुज झाली. आबांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि रांगेच्या शेवटच्या टोकाकडे बोट केलं.

"पुन्हा सांग पोरी. मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई."

मी टोकापर्यंत चालत गेले आणि पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं.