चोपन्न सेंटिमीटर

दोन हजार सालानंतर तीनेक वर्षांनी मी अचानक गर्विष्ठ झालो, असं आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांचं मत पडलं. मिरा रोडला एका आर्किटेक्टकडे मी ड्राफ्ट्समन होतो. वय शेहेचाळीस, डोळ्यांवर बायफोकल. वरच्या काचेतून लांबचं बघायचं आणि खाली जी छोटी चंद्रकोर असते तिच्यातून जवळचं वाचायचं. ड्रॉइंग बोर्डवर वाकून रेघा मारत होतो तोवर या चष्म्याने काही त्रास दिला नाही. बोर्ड खाली असतो, चंद्रकोरही खाली असते. दोघांचं बरं जमायचं.

मग साहेबांनी कम्प्युटर आणले. कम्प्युटर समोर असतो. वरच्या काचेतून बघावं तर सगळं धुरकट, म्हणून चंद्रकोर वर आणण्यासाठी हनुवटी उचलायची. तरी नीट दिसेना, म्हणून नाक पुढे न्यायचं. दिवसभर असा बसलेला माणूस समोरून फार तुच्छतेने बघतोय असं वाटतं. साहेब एकदा टेबलापाशी आले आणि म्हणाले, "अहो, मी प्लॅन मागतोय, तुमच्या मुलीला मागणी घालत नाहीये. हनुवटी खाली घ्या." मला मुलगी नाही, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

शेजारच्या टेबलावर दुसरी हनुवटी होती. तो माझ्याच वयाचा, मूळचा रत्नागिरीकडचा. पंधरा वर्षं आमचे बोर्ड शेजारी शेजारी होते आणि घरंही भाईंदर पूर्वेलाच. तो खारी गावात, मी दोन गल्ल्या अलीकडे. आमच्यात चष्मा सामाईक असायचा. दोघांचा नंबर सारखाच, त्यामुळे ज्याचा हाताशी असेल तो उचलायचा. "जरा दे रे" एवढंच बोलायचं, पुष्कळदा तेही नाही. एकदा मी त्याचा चष्मा घालून घरी आलो आणि जेवण झाल्यावर ते लक्षात आलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्याची रेघ माझ्यापेक्षा चांगली होती. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या दोन रेघा कोपऱ्यात भेटतात तिथे जराशी शाई फुगते. माझी फुगायची, मग मी अर्धं ब्लेड घेऊन खरवडत बसायचो. त्याची पंधरा वर्षांत कधी फुगली नाही. साहेबांना हे माहीत होतं की नाही, देव जाणे. मला मात्र रोज दिसत होतं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. म्हणाले, बोर्डवरचं काम आता बंद. दिवाळीनंतर दोघांपैकी एकाला कम्प्युटरवर ठेवतो, दुसऱ्याला चेण्याच्या साइटवर पाठवतो, तिथे देखरेखीला माणूस पाहिजेच आहे. त्याआधी दोघांना एकच प्लॅन देतो, आठवड्यात करून दाखवा. चेण्याची साइट म्हणजे घोडबंदर रोडला डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, दिवसभर ऊन, सिमेंट आणि मुकादमाशी वाद. ज्याने आयुष्यभर टोकदार पेन्सिलीने काम केलंय त्याला तिथे पाठवणं म्हणजे शिक्षाच. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बघू या, काय होतं ते." मी म्हटलं, "होईल काहीतरी." आणि दोघेही आपापल्या हनुवट्या उचलून कामाला लागलो.

मान इतकी आखडली होती की रस्ता ओलांडताना मला अख्खं वळावं लागायचं. शेवटी भाईंदर पश्चिमेच्या एका चष्मेवाल्याकडे गेलो. तो गुजराती होता, डोळे तपासताना स्वतःशीच गुणगुणायचा. त्याने माझी तक्रार ऐकून घेतली, बायफोकल हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "काका, ये तो पढ़ने का नंबर है. कम्प्युटर गोद में लेके बैठते हो क्या?" त्याचं म्हणणं असं, की पुस्तक जवळ असतं, रस्ता लांब असतो आणि कम्प्युटर या दोघांच्या मध्ये असतो. त्या मधल्या अंतराचा वेगळा नंबर काढायचा, पूर्ण काच त्याच नंबरची करायची, चंद्रकोर वगैरे काही नको. "बस, आँख से स्क्रीन तक नाप के लाओ."

ड्राफ्ट्समनला मापून आणा म्हणून सांगू नये. मी रीतसर ट्रेसिंग पेपर घेतला आणि एकास दहा या प्रमाणात स्वतःचं बाजूने दिसणारं चित्र काढलं. खुर्चीची उंची, टेबलाची उंची, मॉनिटर, बसलेला माणूस, डोळ्याच्या रेषेला तुटक रेघ आणि तिच्यावर बाण काढून आकडा. सत्तर सेंटिमीटर. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखून प्रमाण आणि तारीखसुद्धा लिहिली. चष्मेवाल्याने ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ये कौन सी बिल्डिंग है?" मी म्हटलं, मी आहे.

चष्मा तयार झाला आणि मला दिसेना. म्हणजे पाठ टेकून बसलं की सुरेख दिसायचं, काम करायला लागलं की पुन्हा धुकं. तीन दिवस मी दम धरला. चौथ्या दिवशी चष्मेवाल्याची कानउघाडणी करायला, पुरावा म्हणून ते ड्रॉइंग घेऊन घराबाहेर पडत होतो, तेवढ्यात बायकोने ते हातातून घेतलं.

"अहो, हा कोण?"

"कोण म्हणजे? मी."

"काहीतरीच. हा तर ताठ बसलाय."

मी पुन्हा पाहिलं. खरंच ताठ बसला होता. पाठ अगदी नव्वद अंशांत, मान सरळ, हात टेबलावर शहाण्यासारखे. असा माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही. आमच्या धंद्यात इमारतीची दोन ड्रॉइंगं असतात. एक बांधायच्या आधीचं, जशी व्हायला हवी तसं. दुसरं बांधून झाल्यावरचं, जशी झाली तसं. दोन्हींत फरक पडला म्हणून मी कित्येक कंत्राटदारांना शिव्या घातल्या आहेत. आणि स्वतःचं काढताना मी व्हायला हवा तसा काढून मोकळा झालो होतो.

बायको ब्लाउज शिवायची, टेप तिच्या गळ्यातच असायची. तिने जेवणाच्या टेबलावर पिठाचा डबा ठेवला, त्याला टेलिफोनची जुनी डायरी टेकवली आणि मला समोर बसवून म्हणाली, "यातले नंबर नव्या डायरीत उतरवा. हा डबा म्हणजे कम्प्युटर समजा."

"आणि तू काय करणार?"

"मी माझी कामं करते. तुम्ही माझ्याकडे बघू नका."

पहिली पाच मिनिटं मी चित्रातल्यासारखाच बसलो. मग कुणा नातेवाइकाच्या नंबरातला एक आकडा लागेना, आणि मी विसरलो. ती मागून केव्हा आली कळलंच नाही. कानाजवळ टेपचं थंड टोक लागलं.

"चोपन्न," ती म्हणाली. "आणि काम करताना तोंड उघडं ठेवता, ते वेगळंच."

चोपन्नचा नंबर काढून चष्मेवाल्याने काचा बदलून दिल्या, आणि काय सांगू! हनुवटी खाली आली. स्क्रीनच्या तळाशी जिथे आपण टाइप केलेले आकडे उमटतात, तिथला तीन आणि आठ मला पहिल्यांदा वेगवेगळे दिसले. इतके दिवस मी ते अंदाजाने वाचत होतो. मानेचं दुखणं चार दिवसांत निम्म्यावर आलं. रात्री जेवताना मी बायकोचं कौतुक केलं, आमच्याकडे ते वरचेवर होत नाही. ती म्हणाली, "भाऊजींना पण सांगा. त्यांचीही मान धरते म्हणे रोज. नंबर सारखाच आहे ना तुमचा?"

"सांगतो," मी म्हटलं.

नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो प्लॅन हातात ठेवला. तळमजला आणि वर तीन मजले, दोघांना एकच. मग मी मूग गिळून बसलो. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मग फ्रेमचा हिशेब लागत नाही. चष्मेवाल्याने मला काड्यांवर नक्षी असलेली, हलकी, नव्या पद्धतीची फ्रेम दाखवली होती. नाकाला सुखाची होती, दिवसभर घालून बसायला अगदी योग्य. मी जुन्यासारखीच जाड तपकिरी फ्रेम घेतली. "ये क्यों, काका?" त्याने विचारलं. सवय आहे म्हणालो. ऑफिसात कुणाला फरक कळू नये, हे खरं कारण होतं.

आणि जुना बायफोकल मी टेबलाच्या त्याच्याकडच्या कडेवर ठेवायला लागलो. त्याने "जरा दे रे" म्हणून हात लांबवला की हाताला तोच लागावा म्हणून. त्याने दोनतीनदा उचललाही. घालून, हनुवटी वर करून स्क्रीनकडे बघितलं, परत ठेवला. मी माझ्या स्क्रीनवरून नजर हलवली नाही. पंधरा वर्षांत त्याच्यापासून मी पहिल्यांदा काही लपवलं, आणि ते काय, तर एक नंबर.

आठवडा संपला. प्लॉट, म्हणजे ड्रॉइंगचे मोठे प्रिंट, बाहेरून काढून आणावे लागायचे, म्हणून साहेब आधी स्क्रीनवरच बघायचे. माझा प्लॅन त्यांनी इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाले, ठीक आहे. मग शेजारी गेले. त्याच्या माउसचं चाक त्यांनी फिरवलं आणि एक कोपरा मोठा केला. दोन भिंती एकमेकींच्या जवळ येऊन थांबल्या होत्या, भेटल्या नव्हत्या. दुसरा कोपरा मोठा केला, तिथेही तेच. जिन्याच्या एका मापात आठच्या जागी तीन पडला होता आणि जिना अर्ध्या पायरीवर संपत होता. साहेब ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "हे तुम्ही केलंत?" तो हनुवटी वर करून स्क्रीनकडे बघत राहिला. त्याला अजूनही दिसत नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. जीव भांड्यात पडला, दुपारी डबा पूर्ण संपवला. दिवाळीनंतरच्या सोमवारी तो साइटवर गेला. जाताना माझ्याशी नेहमीसारखं बोलला, मुकादमाची नक्कल करून दाखवली. त्याचं टेबल रिकामं झालं तेव्हा मात्र मला बसवेना. उगाच दोनदा पाणी प्यायला उठलो. मला माझी लाज वाटत होती आणि ती वाटते आहे हे मला कबूलही करायचं नव्हतं. मग चिडचिड सुरू झाली. बायकोवर, प्रिंटरवर, चष्म्याच्या डबीवर. बायको म्हणाली, "मान बरी झाली तर डोकं बिघडलं का?"

तीनेक महिन्यांनी चेण्याच्या इमारतीत एक बदल निघाला आणि साहेबांनी सुधारलेलं ड्रॉइंग पोचवायला मलाच पाठवलं. शेडमध्ये तो सिमेंटच्या गोणीवर बसून चहा पीत होता. उन्हाने काळा पडला होता आणि गुडघा धरून उठला. मला बघून त्याला मनापासून बरं वाटलं. तेच मला सहन झालं नाही. ड्रॉइंगची गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि बोलून टाकलं.

"ऐक. कम्प्युटरचा वेगळा नंबर असतो. मी करून घेतला होता. प्लॅन मिळायच्या आधी. तुला सांगितलं नाही."

तो गुंडाळीचं रबर काढत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"चष्म्याचं. वहिनींनी आमच्या हिला सांगितलं होतं, तेव्हाच. दुकानाचा पत्तासुद्धा दिला होता."

मला खरोखर राग आला. त्याच्यावर. "अरे, मग करून का नाही घेतलास? आठवडा होता तुझ्याकडे! एका दिवसात काचा देतो तो माणूस!"

त्याने ड्रॉइंग गोणीवर पसरलं, चारही कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले. नवीन भिंतीवरून एकदा बोट फिरवलं.

"घेणार होतो," तो म्हणाला. "पण म्हटलं, तू सांगशील. तो जुना चष्मा माझ्याकडे सरकवून ठेवायचास ना, तेव्हा तर रोज वाटायचं, आज सांगेल."