फ्रिजमधला बुके आणि माहेरचा मोगरा

नवरा रिटायर झाला त्या दिवशी ऑफिसने एक बुके दिला आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात जणू जावईच आला. भडक जरबेरा, प्रत्येकाच्या मानेला प्लास्टिकची नळी, वरून चकचकीत कागद. मी म्हटलं, कागद काढा, देठ तिरके कापा आणि पाण्यात ठेवा. तर सासूबाई म्हणाल्या, "कागद काढला की शोभाच गेली." आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटलाही कव्हर आहे, मग बुकेने काय पाप केलंय?

पुढे उपचार सुरू झाले. नवऱ्याने मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघून पाण्यात डोकेदुखीची गोळी विरघळवली, वर साखर घातली. दुपारी बुके फ्रिजमध्ये, भाजीचा ट्रे बाहेर. संध्याकाळी कोणी भेटायला आलं की बुके पुन्हा टीव्हीशेजारी. माझी कोथिंबीर सडली त्याचं कोणाला काही नाही. लोक हसले असते, मला मात्र संताप यायचा.

कारण तिकडे गॅलरीत माझा मोगरा मरत होता. आईने तिच्या झाडाची फांदी लावून दिलेला. आईची कोपरीतली चाळ पाडली तेव्हा तिचं झाड गेलं, आता ती तिथेच जवळ भाड्याच्या खोलीत राहते. म्हणजे तिच्या मोगऱ्याचं उरलं ते एवढंच. दर फोनला ती विचारायची, "कळ्या धरल्या का गं?" आणि मी बिनदिक्कत थापा मारायचे.

मरत होता तोही भक्तीने. सासूबाईंच्या अभिषेकाचं दूध, दही, मध मोरीत ओतायचं नाही, देवाचं असतं. तुळशीला घालायचं नाही, मुंग्या लागतात. मग राहिलं कोण? सुनेच्या माहेरचा मोगरा. मी कितीदा तरी तोंड वाजवलं. "तीर्थाने कुठे झाड मरतं का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नवरा अशा वेळी पेपरात डोकं घालतो. कुंडीला आंबूस वास यायला लागला, पानं पिवळी पडून गळाली.

एवढी बडदास्त ठेवूनही शेवटी बुकेने मान टाकलीच. फुलं कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून सासूबाईंनी ती मोगऱ्याच्या कुंडीत खोचली आणि मला हाक मारली, "बघ, आता कशी भरलेली दिसते!"

त्याच रविवारी आई आली. चहा नको म्हणाली आणि थेट गॅलरीत गेली. जरबेरा उपटून बाजूला ठेवले, माती हुंगली, कुंडीशेजारचं अभिषेकाचं रिकामं तामण पाहिलं, मग नखाने एक काटकी खरवडून पाहिली. आत जराशी हिरवी होती. तिने ती कापली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत ठेवली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अहो विहीणबाई, राहू द्या की. जगेल इथेच."

"नको," आई म्हणाली. "माझ्याकडचे देव साध्या पाण्याने आंघोळ करतात."